रिव्हरसाइडची नारिंगाची बाग आणि आपली पपनसे: गोव्यात असे उद्यान व्हावे का?

कुशावती

नमस्कार मंडळी,

मार्च-एप्रिलमध्ये लेकीकडे कॅलिफोर्नियात होते. पाहण्यासारखे पुष्कळ पाहिले, पण मनात घर करून राहिली ती रिव्हरसाइड गावातली एक बाग. ‘कॅलिफोर्निया सिट्रस स्टेट हिस्टॉरिक पार्क’ असे तिचे लांबलचक नाव. नारिंगांच्या बागायतीवर तो सगळा मुलूख एके काळी कसा वर आला, त्याची आठवण जपायला तिथल्या राज्य सरकारने १९९३ साली ती लोकांसाठी खुली केली. अडीचशे एकरांच्या आसपास जागा. संग्रहालय आहे, लाकडी पेट्यांवर चिकटवायची जुनी रंगीत चित्रे आहेत, पण जीव रमतो तो बाहेर. कारण बागेत अजून पीक निघते! एका भागात नाना जातींची झाडे लावली आहेत आणि फिरवून आणणारा माणूस तिथल्या तिथे फळ कापून फोड हातावर ठेवतो. आम्ही गेलो तेव्हा एकाच फांदीवर पिकलेली फळे होती आणि पांढरी फुलेही. तो वास आला आणि मी थेट सावईवेऱ्याला, आजोळच्या मागीलदारी जाऊन उभी राहिले. तिथे विहिरीपलीकडे पपनसाचे झाड होते.

मग जावयांनी मूळ झाड दाखवायला नेले. मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन या दोन रस्त्यांच्या नाक्यावर, कुंपणाच्या आत, जाळीच्या मांडवाखाली एक नारिंगाचे झाड आहे. एलायझा टिबेट्स नावाच्या बाईने ते १८७३ साली लावले. वॉशिंग्टनच्या शेती खात्यातल्या विल्यम सॉंडर्स यांनी ब्राझीलमधल्या बाहियाहून कलमे मागवली होती, त्यातली त्यांनी एलायझाबाईंना पाठवली. एक कलम गाईने तुडवले, दोन जगली. पाण्याची टंचाई, तेव्हा भांडी घासलेले पाणी घालून बाईंनी ती जगवली असे सांगतात. बी नसलेले, बेंबीवाले ते ‘नेव्हल’ नारिंग. कॅलिफोर्नियाभर त्याच्या बागा झाल्या त्या या दोन झाडांचे डोळे, म्हणजे कोंब, दुसऱ्या रोपांवर बांधून. दीडशे वर्षे झाली तरी ते झाड फळ धरते.

भांडी घासलेले पाणी! माझी आजी पपनसाला तेच घालायची. आजी गेली, घर वाटण्यांत गेले, झाड कोणी तोडले तेही कळले नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे. आपल्या कुळागरांचे, म्हणजे पोफळीच्या बागांचे, त्यातल्या महाळुंग-पपनस-नारिंग-ईडलिंबाचे असे एखादे उद्यान गोव्यात व्हावे का? आणि तुमच्यापैकी कोणाच्या परसात यांतले काय काय उरले आहे?

डिचोलीचा_भाचा

सुंदर लिहिलेस ताई. आमच्याकडे एक ईडलिंबू आहे. काटे असे की फळ काढायला जाणाऱ्याची परीक्षाच. लोणचे मात्र असे होते की दुसरे लोणचे पानात नको.

रोकठोक

लेख आवडला, पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गोव्यात नारिंगांची बागायत कधी नव्हतीच. रिव्हरसाइडला तो धंदा होता. १८८२ साली अख्ख्या कॅलिफोर्नियात लिंबूवर्गातली पाच लाखांहून जास्त झाडे होती आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या रिव्हरसाइडला. पुढे आगगाडीने देशभर माल गेला, गाव श्रीमंत झाले. बागायतदारांनी १८९३ साली एकत्र येऊन सहकारी संघ काढला, १९०८ पासून त्यांचा ‘सनकिस्ट’ शिक्का देशभर गेला. म्हणून तिथे त्याचे स्मारक शोभते.

आपल्या कुळागराचा राजा पोफळ. मग माड, केळ, मिरी, जायफळ, अननस. नारिंगाचे झाड असलेच तर मागीलदारी एखादे. एका झाडाचे उद्यान करायचे का? उद्या बिमलीचेही मागतील.

साखळीवाली

@रोकठोक, बिमलीचेही मागणारच! आमच्या घरी बिमलीशिवाय आमटी होत नाही. :)

पण खरे सांगते, एखादी वस्तू धंद्याची नव्हती म्हणून ती वारसा नाही, हे मला पटत नाही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगतो ती माटोळी डोळ्यांसमोर आणा. आमच्याकडे माझे दीर आदल्या दिवशी माटोळी बांधतात. लाकडी चौकट, तिला कुम्याच्या सालीचा दोर. मध्ये नारळाची पेंड, म्हणजे घड, आणि शिपटुटो, म्हणजे पोफळीचा घोस. आणि दोन्ही टोकांना तोरंजने. ती इतकी जड की दोर करकरतो. सासूबाई खाली उभ्या राहून सांगतात, डावीकडचे उतरले, एक बोट वर घे. तोरंजने समान उंचीवर आल्याशिवाय माटोळी पुरी झाली असे त्या म्हणत नाहीत. मग त्यांच्यामध्ये कांगलां, कवंडळ, घागऱ्या, रानातले जे जे मिळेल ते.

हे वर्षातून एकदाच, पण न चुकता. धंद्यासाठी ठेवलेली झाडे भाव पडला की तोडतात. देवासाठी ठेवलेले झाड माणूस सहसा तोडत नाही. आपल्याकडे पपनस उरले आहे ते गणपतीमुळे.

फोंड्याची_पोर

तोरंजन म्हणजे पपनसच ना? आमच्या घरी पपनसच म्हणतात.

साखळीवाली

हो ग बाय, तेच. आम्ही तोरंजन म्हणतो.

शब्दवेडा

तोरंजन म्हणजे पोर्तुगीज ‘तोरांजा’चेच रूप. पपनस हा त्याच फळाच्या डच नावाच्या, ‘पॉम्पेलमूस’च्या कुळातला. एकाच फळाला दोन घरांतून दोन दर्यावर्दी लोकांचे शब्द!

मोसंबी मोझांबिकवरून आली असे मानतात. संत्र्याचा संबंध पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावाशी जोडतात, पण त्यावर वाद आहे. नारिंग मात्र अस्सल इथले. संस्कृत नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांखा, आणि पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचेपर्यंत सुरुवातीचा ‘न’ गळून ऑरेंज. म्हणजे कुशावतीताई ज्या बागेत उभ्या होत्या तिथल्या पाटीवरही आपलाच शब्द होता.

मस्कतकर

शब्दवेडा साहेब, यात एक भर घालतो. मी बावीस वर्षे मस्कतला काढली. तिथे नारिंगाला ‘बुर्तुकाल’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात बाजारात गेलो, दुकानदार बुर्तुकाल बुर्तुकाल ओरडत होता. मला वाटले हा पोर्तुगालविषयी काही बोलतोय. मग कळले की तो पोर्तुगालच! गोड नारिंग पोर्तुगीजांनी पश्चिमेकडे नेऊन इतके पसरवले की अरबांनी, ग्रीकांनी, रुमानियन लोकांनी फळालाच त्या देशाचे नाव दिले. ४५१ वर्षे ज्यांचे राज्य सोसले त्यांचे नाव मस्कतच्या फळगाड्यावर ऐकून मला त्या रात्री घरची फार आठवण आली. का ते नीट सांगता येत नाही.

काजूबोंडू

अरे, मग धागा पुरा करा की! नेव्हल नारिंग आले बाहियाहून. गोव्याहून लिस्बनला परतणारी पोर्तुगीज जहाजे वाटेत बाहियाला थांबत. ब्राझीलचा काजू आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांच्या हातून, आणि आपल्याकडचे आंबा, फणस, माड तिकडे गेले तेही त्यांच्याच हातून. आज बाहियात फणसाला ‘जाका’ म्हणतात, तो मल्याळम ‘चक्का’. गोड नारिंगही ब्राझीलमध्ये त्यांनीच नेले. तिथल्या एका झाडाच्या फांदीवर आपोआप बदल होऊन बिनबियांचे फळ लागले, आणि त्याचे कलम एलायझाबाईंच्या अंगणात पोचले. रिव्हरसाइडचे झाड आणि आपला काजू ही एकाच जलमार्गाची लेकरे आहेत.

काजूच्या उर्राकच्या पेल्यात लिंबाची फोड पिळताना या इतिहासाची आठवण ठेवणारा मी एकटाच असेन बहुतेक.

डिचोलीचा_भाचा

एकटा नाहीस रे दादा. पुढच्या हंगामात बोलाव, आम्हीही आठवण ठेवू.

नागपुरी

मी गोव्याचा नाही, पण बायको काणकोणची आणि घरच्या संत्राबागा काटोलकडे, म्हणून लिहितो.

रोकठोक यांचे म्हणणे शेतीच्या अंगाने बरोबर आहे. गोव्यात संत्र्याची बागायत उभी राहिली नाही याला कारण आहे. आमच्याकडे बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचे, झाडाने पाने मलूल करायची, मग पाणी सोडले की फुलांचा भडका. आंबिया बहार, मृग बहार, दोन्ही याच हिशेबावर. गोव्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, हवेत दमटपणा, जांभ्या दगडाची आंबट माती. बुंध्यापाशी पाणी साचले की डिंक्या रोग येतो, मुळे कुजतात. सासऱ्यांच्या परसात मी मोठ्या हौसेने दोन नागपुरी कलमे लावली. चौथ्या वर्षी शेंड्याकडून वाळायला लागली आणि दोन पावसाळ्यांत गेली. शेजारचे पपनस मात्र त्याच पावसात उभे, वर्षाला साठ-सत्तर फळे. पपनसाला दमट हवा मानवते. म्हणून उद्यान करायचे तर संत्र्याचा हट्ट धरू नका, तुमच्या मातीत जे टिकले तेच लावा.

आणि एक. आमच्या नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तुमच्या फेणीला २००९ साली, मानकुराद आंब्याला २०२३ साली. तुमच्या पपनसाचे कोणी लिहून तरी ठेवले आहे का? आत गुलाबी कोणते, पांढरे कोणते, गोड कोणते, कडू कोणते?

वनस्पतीवाली

नागपुरी यांच्या शेवटच्या प्रश्नासाठी उठून उभी राहते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांब लिहीन.

लिंबूवर्गातली आज आपण खातो ती बहुतेक फळे तीन मूळ आजोबांच्या संकरातून आली आहेत: महाळुंग, पपनस आणि संत्र्याचे मूळ कूळ. गोड नारिंग हे पपनस आणि संत्रे यांच्या संकराचे. मोठे पिवळे लिंबू हे महाळुंग आणि आंबट नारिंग यांच्या संकराचे. या सगळ्यांचे माहेर हिमालयाच्या पायथ्यापासून आसाम, म्यानमार, युनानपर्यंतचा पट्टा. मेघालयात गारो डोंगरांत नोकरेक इथे रानटी नारिंगासाठी राखलेले अभयारण्य आहे. म्हणजे अशी जागा राखण्याची कल्पना आपल्या देशालाही नवी नाही.

आता साखळीवालींची माटोळी पाहा. तिच्यात पपनस आहे. काही घरी महाळुंगही टांगतात. तीन आजोबांपैकी दोघे गणपतीच्या डोक्यावर! महागणपतीच्या ध्यानाच्या श्लोकाची सुरुवातच ‘बीजापूर’ने होते, ते बीजापूर म्हणजे महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातातही म्हाळुंगच आहे. रिव्हरसाइडच्या विद्यापीठात लिंबूवर्गाच्या हजाराहून जास्त जातींचा संग्रह आहे. त्या विद्यापीठाचे मूळच १९०७ साली निघालेले लिंबूवर्गाचे संशोधन केंद्र. त्यांना आजोबांचे मोल कळले आहे. आपण आजोबांना वर्षातून एकदा दोराने बांधतो आणि विसर्जनानंतर विसरतो.

आणखी एक महत्त्वाचे. संत्र्याच्या, नारिंगाच्या बीतून बहुधा आईसारखेच रोप येते, कारण एका बीत अनेक अंकुर असतात आणि त्यातले बरेचसे आईच्याच पेशींचे. पपनसाच्या बीत अंकुर एकच, आणि तो परागीभवनाचा. आजीच्या गोड पपनसाचे बी पेरले तर येणारे झाड कडू निघू शकते. ते चवीचे झाड टिकवायचे तर कलमच हवे. झाड पडले की ती चव संपली.

कुशावती

वनस्पतीवाली, तुमचे शेवटचे वाक्य वाचून बराच वेळ काही सुचले नाही. आजीचे झाड आत गुलाबी होते. ती साल चार चिरांनी उलगडून टोपीसारखी आमच्या डोक्यावर ठेवायची, मग पाकळीवरचे पांढरे कातडे नखाने सोलून फोडी ताटलीत मोकळ्या करायची. वर मीठ, साखर, चिमूटभर तिखट आणि ओले खोबरे. ती चव आता कुठेच नाही, हे मला आज नीट कळले.

पाटकरी

दोन दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको, असे होत होते.

माझे आजोबा दुसऱ्याच्या कुळागरात पाटकरी होते. डोंगराच्या झरीचे पाणी तळीत धरायचे आणि पाळी लावून पाटाने सोडायचे, हे त्यांचे काम. पावसाळा सरला की ओहोळावर बांध घालायचा. पहाटे उठून पाटातली पाने काढायची. कोणत्या पोफळीच्या आळ्यात किती वेळ पाणी राहिले पाहिजे ते त्यांना घड्याळाशिवाय कळे. पायाच्या अंगठ्याने पाटाचे तोंड मोडायचे आणि टाचेने चिखल दाबून बंद करायचे, हे मी स्वतः पाहिले आहे. बागेतले फळ मात्र भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे. चवथीला एक तोरंजन मिळे, तेवढेच.

उद्यान झाले तर त्यात माझ्या आजोबांना जागा असेल का? का पोर्तुगीज काळातले खुर्चीटेबल आणि भाटकाराच्या घराचा सोपा दाखवाल?

सातासमुद्रापार

पाटकरी दादा, मी रिव्हरसाइडपासून तासाभरावर राहतो. तुमचा प्रश्न तिथेही विचारला गेला. जुन्या कथेत टिबेट्सबाई असत, कालवा काढणारे मॅथ्यू गेज असत, बागायतदारांचे बंगले असत. पण फळ तोडणारे चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो, मेक्सिकन होते. वेष्टनघरात पट्ट्यावरून येणारे फळ निवडून पातळ कागदात गुंडाळणाऱ्या बाया होत्या. कोरियाचे स्वातंत्र्यसेनानी आन चांगहो यांनीही इथे नारिंगे तोडली. नारिंग नीट तोडणे हीसुद्धा देशाचीच सेवा, असे ते आपल्या माणसांना सांगत, ही आठवण कोरियन लोक आजही काढतात. रिव्हरसाइडच्या मध्यवस्तीत त्यांचा पुतळा आहे. अलीकडे विद्यापीठ आणि उद्यान विभाग यांनी मिळून कामगारांच्या घरांतल्या आठवणी गोळा करायला घेतल्या, त्यांतून उद्यानाची गोष्ट बदलत गेली.

आणि नवल सांगतो. त्या झाडातून इतरांचे नशीब उघडले, पण टिबेट्स नवराबायकोच्या पदरी संपत्ती पडली नाही. ल्यूथर टिबेट्स तर शेवटी कंगाल होऊन गेले.

पाटकरी

देव बरें करूं. हे ऐकून बरे वाटले.

रोकठोक

पाटकरी यांची पोस्ट वाचून मी माझे पहिले म्हणणे थोडे मागे घेतो. उद्यान पोफळ, पाणी आणि माणसे यांचे असेल, आणि पपनस त्यातले एक झाड असेल, तर माझा विरोध नाही.

पण दुसरी भीती आहे. आमच्या गावात वारशाच्या नावाने एक बाग झाली. पहिल्या महिन्यात जुनी झरी बांधून काढली, त्यावर फरश्या बसवल्या, पाट सिमेंटचा केला. बेडूक गेले, खेकडे गेले, मग पाणीही आटले. कारंजे मात्र होते, टँकरवर चालणारे. उद्घाटनाला मी होतो. ज्या जागी लहानपणी ओंजळीने पाणी प्यायलो तिथे उभा राहून नारळ फुटताना पाहिला आणि टाळ्या वाजवल्या नाहीत. पुन्हा तसे होणार असेल तर उद्यान नको, झाड जिथे आहे तिथेच राहू दे.

फोंड्याची_पोर

बाणावलीचे ‘गोवा चित्र’ पाहिले आहे का कोणी? व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी घरोघरचे नांगर, घाणे, मापे, भांडी गोळा करून उभे केले आहे. सरकारची वाट न पाहता एका माणसाने केलेले काम. तसे काही?

साखळीवाली

अवजारे ठेवली तर राहतात ग. झाडाला रोज पाणी घालणारा माणूस लागतो. आणि माकडे! आमच्या वरच्या कुळागरात माकडांनी यंदा एक केळीचा घड धड ठेवला नाही.

नागपुरी

आणि रोगही. रिव्हरसाइडच्या मूळ झाडावर तो जाळीचा मांडव का आहे ते सांगायचे राहिले. सिला नावाचा एक बारीक किडा पानांतला रस शोषतो आणि एका झाडाचा रोग दुसऱ्याला देतो. पाने पिवळी, फळे वेडीवाकडी, हिरवी आणि कडू. त्याला ग्रीनिंग म्हणतात, चिनी नाव हुआंगलाँगबिंग, म्हणजे पिवळ्या ड्रॅगनचा रोग. औषध नाही. २०१७ साली तो रिव्हरसाइड शहरात सापडला. तो किडा मूळचा आपल्याकडचाच, आमच्या विदर्भातही ग्रीनिंग आहे. म्हणून कलमे वाटायची असतील तर निरोगी झाडावरूनच घ्या. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पिवळे डाग दिसले तर त्या झाडाला हात लावू नका.

वनस्पतीवाली

अगदी बरोबर. जुन्या गोव्याला, एला इथे, भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारपट्टीच्या शेतीची संस्था आहे. शंका असेल तर पाने दाखवून घ्यावीत.

आता मूळ प्रश्नाकडे येते. कुशावतीताईंनी दोन प्रश्न विचारले होते. उद्यानाचे सगळे बोलले, दुसरा प्रश्न राहूनच गेला: कोणाच्या परसात काय उरले आहे? एलायझाबाईंच्या अंगणात तरी कुठे उद्यान होते? दोन कलमे आणि भांड्यांचे पाणी होते. उद्यान झाले ते १२० वर्षांनी, आणि तेव्हा जपायला झाड जिवंत होते म्हणून झाले. आपण आधी झाडे जिवंत ठेवू. या धाग्यावर नोंद करा: गाव, झाड कोणते, अंदाजे वय, आतला रंग, चव, फळ कधी. पहिला पाऊस स्थिरावला की गुटी बांधायचे, म्हणजे फांदीला झाडावरच मुळे फोडून कलम करायचे, दिवस. कोणाकडे जुने चांगले झाड असेल तर मी येऊन बांधून देते.

डिचोलीचा_भाचा

डिचोली. ईडलिंबू. आईच्या लग्नाआधीपासूनचे. काटे पुष्कळ. फळ वर्षभर थोडे थोडे.

साखळीवाली

साखळी. तोरंजने दोन. एक आत पांढरे, कडवट, माटोळीपुरते. दुसरे फिकट गुलाबी, खायला बरे. चवथीला दोन्ही तयार.

काजूबोंडू

पेडणे. आंबट नारिंग एक. मावशी त्याचा रस माशाच्या कालवणात पिळते. वय ठाऊक नाही.

रोकठोक

आता माझेही लिहितो. सावईवेऱ्याला माझ्या काकांच्या वाटणीत एक पपनस आहे. विहिरीच्या पलीकडे. आत गडद गुलाबी, कडवटपणा जवळजवळ नाही. काका आता थकले, झाडावर चढणारा पाडेली मिळत नाही, म्हणून ती जागा मोकळी करून गाडी ठेवायला करायचे चालले होते. गेल्या आठवड्यात काकांना फोन करून थांबा म्हटले.

कुशावतीताई, तुमचे आजोळ सावईवेऱ्यात नेमके कुठे?

कुशावती

देवळाकडून वरच्या वाड्याला जाणारी पाऊलवाट, डाव्या हाताचे दुसरे घर. पुढे तुळशीवृंदावन, मागे उतरत्या पायऱ्यांची विहीर.

रोकठोक

आमचे तिसरे. तुमच्या विहिरीवरून आमच्याकडे पाणी यायचे. काका म्हणतात, त्यांचे झाड तुमच्या आजीने दिलेल्या गुटीचे. त्यांच्या मुंजीच्या वर्षी लावलेले.

फोंड्याची_पोर

आई गं!

वनस्पतीवाली

या रविवारी येते. शेवाळ, प्लास्टिक, सुतळी आणि चाकू माझ्याकडे आहे. फांद्या पेन्सिलीहून जाड हव्यात, वर्षभराच्या जुन्या. सहा गुट्या बांधू.

कुशावती

मी सकाळच्या बसने येते. काकांना माझा नमस्कार सांगा आणि माझे माहेरचे आजीकडचे नाव सांगा, ते ओळखतील.

(नऊ आठवड्यांनी)

कुशावती

मंडळी, काल जाऊन आले. सहापैकी चार गुट्यांनी मुळे धरली. प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसत होती, शेवाळात गच्च गुंतलेली. वनस्पतीवालींनी खालून कापून पिशव्यांत लावली, निम्मी पाने काढून. काकांनी वरच्या फांदीवरचे एक पिकलेले पपनस काढून दिले. मी ते आजीसारखे चार चिरांनी उलगडले. साल टोपीसारखी काकांच्या नातीच्या डोक्यावर ठेवली. मीठ, साखर, तिखट, ओले खोबरे. तीच चव. मी तिथेच पायरीवर बसून रडले आणि काकांनी काही विचारले नाही.

चार रोपांपैकी एक काकांच्या विहिरीपाशी, मूळ झाडाच्या जोडीला. एक वनस्पतीवालींच्या कॉलेजच्या आवारात. एक माझ्याकडे फोंड्याला, भांड्यांचे पाणी जाते तिथेच. चौथे कोणाला हवे?

पाटकरी

मला हवे. आजोबांच्या जुन्या पाटाच्या शेवटी आता आमची चार गुंठे जमीन आहे. खड्डा कालच खणला, शेणखत घातले. उताराच्या वरच्या अंगाला आहे, बुंध्यापाशी पाणी साचणार नाही. शनिवारी फोंड्याला बागायतदार बाजारात येतो आहे, तिथून तुमच्याकडे येऊन घेऊन जातो.